ओढीचा परवाना

परदेशी पाहुण्यांसाठीचे व्हिसाचे नियम बदलले, त्या वर्षी माडबावातल्या निम्म्या निवास-न्याहारीच्या घरांवर नुसत्या पाट्या उरल्या होत्या. खोल्या होत्या, पलंग होते, ताजी मासळीही होती, खाणारा नव्हता. आणि का असेल? आपल्या देशात यायचं म्हणजे फॉर्म भरा, फी भरा, बँकेतले आकडे दाखवा, आणि एवढं करून खिडकीतल्या साहेबाला पटवा की बाबा रे, फिरून झालं की मी माझ्या घरी जाणार आहे, तुझ्याकडे मुक्काम ठोकणार नाही. तिकडे शेजारपाजारचे देश ‘या, बसा’ म्हणत दारात उभे. जिथे पाट मांडलेला दिसेल तिथेच पाहुणा जेवायला बसणार, त्यात त्याची काय चूक?

मग सरकारने असा नियम काढला की जगाने तोंडात बोट घातलं. फॉर्म नाही, फी नाही, खिडकी नाही आणि मुदतसुद्धा नाही. विमानातून उतरा, मनगटावर एक पातळ पट्टी बांधून घ्या आणि हवं तितकं राहा. अट एकच. तुम्हाला तुमच्या घराची ओढ असली पाहिजे. ती आहे तोवर तुम्ही पाहुणे. ती संपली की निघायचं.

हे प्रकरण गावाला समजावून सांगायला पर्यटन खात्याचे नार्वेकर माडबावच्या शाळेत आले. पन्नाशीचा, वाळल्या सुपारीसारखा, पण सज्जन माणूस. खात्याने दिलेलं भाषण त्यांनी बाजूला ठेवलं आणि सरळ कासवांपासून सुरुवात केली.

“कासवं तुम्ही लहानपणापासून बघताय. पिल्लू अंड्यातून निघतं, समुद्रात जातं, सगळी दुनिया फिरतं आणि मोठं झालं की अंडी घालायला बरोबर आपल्याच किनाऱ्यावर येतं. पृथ्वीचं चुंबकत्व त्याला कळतं. शास्त्रज्ञ त्याचाच अभ्यास करत होते, आणि करता करता त्यांना सापडलं की ही कला थोडीशी माणसाच्या डोक्यातही शिल्लक आहे. झोपेतून जाग येते ना, ते पहिले काही क्षण. आपण कुठे आहोत हे कळायच्या आत मेंदू चाचपून घेतो, घर कुठल्या बाजूला आहे. त्या वेळी अंगातून अगदी बारीक वीज फिरते. ती मनगटापाशी पकडता येते. माणूस घरापासून लांब असला तर पट्टीला ओढ किती ते कळतं आणि दिशाही कळते. घरीच असला तर काहीच कळत नाही. घरात बसलेला माणूस घर कशाला शोधेल?”

“म्हणजे थापा मारूची सोय नाय,” कोणीतरी म्हणालं.

“अजिबात नाही. म्हणून तर सरकारने दार सताड उघडलं. इतकी वर्षं भीती एकच होती, माणूस परत जाईल की नाही. आता ते त्याचं अंगच सांगतं. पट्टी हिरवी असेल तर मजेत राहा. पिवळी झाली म्हणजे ओढ कमी झाली, सांभाळा. आणि पट्टीतली सुई वळून इथलीच कुठली तरी दिशा दाखवायला लागली तर लाल. लाल झाली की त्याच दिवशी परवाना संपला आणि हा देश त्या माणसाला कायमचा बंद. ज्याचा जीव एकदा इथे गुंतला, तो पुन्हा आला तर जाणार नाही, असा हिशेब आहे.”

मागच्या बाकावरून इंदू चिंदरकरने विचारलं, “आनि पाव्हण्याक आमच्याकडे बरा वाटला तर?”

सगळी शाळा हसली. इंदूच्या तोंडाला कोणी लागत नसे. आमटी तिखट करायची आणि बोलायची त्याहून तिखट. नार्वेकर मात्र हसले नाहीत.

“बरं वाटू दे, वयनी. फार बरं वाटू देऊ नका.”

त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर मुलांनी रंगवलेलं होतं, ‘येवा, कोकण आपलाच आसा’.

झालं. पाहुण्यांचा लोंढा सुरू झाला. आणि कोकणातली माणसं काय कमी हुशार? पाहुण्याचा जीव फार रमू नये म्हणून लोक दर पंधरवड्याला पाहुणे आपापसांत बदलून घ्यायला लागले. मालवणात एकाने दुकान थाटलं. तुमच्या गावच्या चर्चची घंटा, तुमच्या गल्लीतल्या ट्रामचा खडखडाट, पाहिजे तो आवाज तिथे मिळायचा. सकाळी उठल्या उठल्या ऐका, घर आठवा, पट्टी हिरवी ठेवा. ज्याच्याकडे पाहुणा हसत खेळत, पण घरची आठवण काढत राहतो तो यजमान चांगला, असा नवा हिशेब झाला. धंदा म्हणून त्यात वावगं काही नव्हतं.

इंदूला तो हिशेब जमला नाही.

आन्नेली तिच्याकडे आली ती फिनलंडहून, आठवडे-दोन आठवड्यांसाठी. साठी ओलांडलेली, माडासारखी उंच, हाताला भाजल्याचे जुने डाग. जन्मभर तिने बर्फ फोडत जाणाऱ्या जहाजावर स्वयंपाक केला होता. पहिल्याच सकाळी ती चपला घालून इंदूच्या चुलीपाशी आली.

“चपला भायर!” इंदू कडाडली.

कानातल्या यंत्राने भाषांतर करायच्या आतच आन्नेलीला अर्थ कळला. चपला बाहेर काढून ती परत आली, आडळीवर बसली आणि नारळ खवायला लागली. असा खवला की करवंटीला पांढरा कण राहिला नाही. इंदू बघत राहिली. नवरा गेल्याला बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पाहुण्यांना वाढून झालं की ती उभ्या उभ्या चार घास पोटात ढकलायची. त्या दिवशी दोघी चुलीपुढे बसून जेवल्या. कितीतरी वर्षांनी कोणीतरी तिच्या ताटात भात वाढला होता.

दोन आठवड्यांचे दोन महिने झाले, मग पावसाळा गेला, मग दुसराही. आन्नेलीने कानातलं यंत्र काढून ठेवलं आणि मोडकीतोडकी मालवणी बोलायला लागली. वाडीतले सगळे इंदूला वयनी म्हणत, म्हणून तीही वयनी म्हणू लागली. वाडीने तिला आन्नाबाय करून टाकलं. बाजारात मासेवालीशी घासाघीस करावी तर आन्नाबायनेच. पट्टी हिरवी होती, कारण तळ्याकाठचं आपलं घर ती विसरली नव्हती. वसंतात तळ्यावरचं बर्फ तडकतं तो आवाज कसा असतो, हे ती पुन्हा पुन्हा सांगायची.

मग हळूहळू सांगायची थांबली. आणि एका सकाळी पट्टी पिवळी झाली.

नार्वेकर स्वतः आले. चहा घेतला, बशी खाली ठेवली.

“वयनी, हिला घरची आठवण येईल असं काहीतरी करा. नाहीतर ही हातची जाईल.”

“दुसरो कसलो परवानो नाय?”

“आहे ना. नोकरीचा आहे, लग्नाचा आहे, रक्ताच्या नात्याचा आहे. शेजारणीचा नाही.”

“आनि पिवळ्याचो लाल झालो तर?”

“ही माडबावातच राहिली तर एकदम होणार नाही. घरीच असलेल्या माणसाला दिशा नसते. थोडी ओढ तिकडची शिल्लक आहे, तेवढ्यावर पिवळी टिकेल. पण हिला गावाबाहेर मुक्कामाला नेऊ नका. बाहेर कुठे जाग आली आणि हिच्या मनाने माडबाव शोधलं, की सुई वळली म्हणून समजा.”

इंदू कामाला लागली. मालवणच्या दुकानातून तिने बर्फ तडकण्याचा आवाज आणला आणि पहाटे मोठ्याने लावला. आन्नेली खोलीतून ओरडली, “बंद कर गो वयनी, म्हशी उठतत!” फिनलंडात काळी भाकरी खातात म्हणून इंदूने नाचणीचं पीठ आंबवून तसलं काहीतरी भाजलं. आन्नेलीने ते बांगड्याच्या तिकल्याबरोबर खाल्लं आणि आमच्या गावच्या भाकरीपेक्षा हे कितीतरी बरं, असा निर्वाळा दिला. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

मग इंदूने शेवटचा उपाय काढला. ती वाईट वागायला लागली. सकाळचा चहा दिला नाही. आमटीत मूठभर मीठ जास्त टाकलं. आन्नेली काही विचारायला आली की तोंड फिरवून भांडी आपटायची. आपल्याच हाताने हे करताना तिला रडू यायचं, म्हणून ती धुराकडे तोंड करून बसायची.

तिसऱ्या दिवशी आन्नेली खारट आमटीचा भुरका मारून म्हणाली, “जहाजावर माझ्यार कोण रागावत नव्हतो. सगळे थँक्यू म्हणत. रागावतत ते घरचे.”

दुसऱ्या दिवशी पट्टीचा पिवळा रंग आणखी गडद झाला होता. इंदूने कपाळावर हात मारून घेतला.

“तुका समाजता मा मी कित्या करतंय तां?”

“समाजता. माका जावचा नाय, वयनी.”

‘माका तरी तुका धाडूचा आसा काय गे?’ हे इंदूच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. गोड बोलायचीसुद्धा चोरी झाली होती. बोललं तर पट्टी बघत होती.

अशात गावपळण आली.

माडबावात काही वर्षांनी एकदा देव रवळनाथाच्या हुकमाने अख्खं गाव गाव सोडतं. ढोलावर टिपरी पडली की म्हातारी माणसं, तान्ही पोरं, गुरं, कोंबड्या, मांजरं, सगळी लवाजम्यासकट वेशीबाहेर. तीन दिवस खाडीपलीकडच्या मळ्यात झावळ्यांच्या खोपी बांधून राहायचं. गावात चूल नाही, दिवा नाही, माणसाचा आवाज नाही. तीन दिवसांनी देवाला कौल लावायचा. त्याने ‘या’ म्हटलं तरच परत घरात पाऊल टाकायचं. का, ते कोणी विचारत नाही. शिकलेले पोरगेसुद्धा त्या दिवसांत मुंबईहून रजा काढून येतात, कारण खोपीत राहायची मजा काही और असते.

बाकीच्यांनी आपापले परदेशी पाहुणे मालवणच्या हॉटेलांत पाठवले. त्यांच्या सुया त्यांच्या त्यांच्या देशाकडे होत्या, त्यांना काय भीती? इंदूपुढे मात्र आड आणि विहीर. आन्नेलीला मळ्यात न्यायची तर गावाबाहेरचा मुक्काम. मालवणात पाठवायची तरी तेच. आणि घरात ठेवायची तर देवाचा हुकूम मोडायचा.

तिने सरळ देवळात जाऊन आबा गावकरांना विचारलं. आबा गावाचे मुख्य मानकरी. कौल तेच लावत. आन्नेली इंदूच्या शेजारी हात जोडून उभी होती. ढोल वाजायच्या आधी देवळात झाडून सगळा गाव जमला होता.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “हुकूम गावच्या माणसाक आसा, इंदू. मागे बंदरावरचे सरकारी साहेब गावातच रवलेले, त्यांका देवान काय केल्यान नाय. ही गावची आसात तर हिका भायर येवकच व्हया. गावची नसात, तर रवांदे. पण तां तू देवासमोर सांगूक व्हया. ही तुझी कोण?”

इंदूने आन्नेलीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर जीभ उचललीच नसती.

“ही गावची नाय,” ती म्हणाली. “माझी कोण नाय. भाड्यान रवता.”

इंदूची शेजारीण कुंदा, जिने आन्नाबायला मालवणीतल्या सगळ्या शिव्या शिकवल्या होत्या, तिने पदर तोंडाला लावला.

“बाय, तू काय म्हणतंस?” आबांनी आन्नेलीला विचारलं.

“होय आबानू,” आन्नेली म्हणाली. “मी पाव्हणी.”

आबांनी देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी पाकळी सुटून खाली पडली. उजवी म्हणजे होकार. देवानेही मान्य केलं, ही आमची कोणी नाही. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. इंदू हात जोडायचंही विसरली.

घरी येऊन तिने आन्नेलीसाठी चुरमुऱ्याचे लाडू, केळी, भिजवायचे पोहे आणि पाण्याच्या कळशा मांडून ठेवल्या. चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही, उंबऱ्याबाहेर पडायचं नाही, हे बजावून सांगितलं. देवळातल्या बोलण्याबद्दल दोघीही काही बोलल्या नाहीत. ढोल वाजला. इंदूने कोंबड्यांची डालगी डोक्यावर घेतली आणि मागे न बघता चालू पडली.

मळ्यात जत्रा भरल्यासारखं झालं होतं. पोरं ओढ्यात डुंबत होती, बायका फुगड्या घालत होत्या, कुठे कालवं भाजत होती, कुठे पत्त्यांचे डाव रंगले होते. इंदू आपल्या खोपीच्या तोंडाशी बसून खाडीपलीकडच्या माडांकडे बघायची.

“तुझा लक्ष खय?” कुंदाने विचारलं.

“खय नाय.”

“देवळात तसा कशाक बोललंस गो? तोंडात कसा इला तुझ्या?”

“तोंडात इला नाय. मी मुद्दाम हाडलंय.” इंदू म्हणाली. “तिका ठेवूची आसा म्हणान हाडलंय. तीन दिस ती घरातच रवतली, सुई वळूक दिशाच नाय. चौथ्या दिवशी जावन मी तिच्या पायार डोक्या ठेवीन.”

इंदूच्या मनाला तेवढाच एक आधार होता. काळजावर दगड ठेवला खरा, पण आन्नाबाय वाचली. घरी असलेल्या माणसाला दिशा नसते, नार्वेकरांनीच सांगितलं होतं. तरी रोज सकाळी जाग आली की खोपीच्या झावळ्या दिसायच्या आधी तिचे कान आडळीचा खरखराट शोधायचे. तिच्या मनगटावर पट्टी नव्हती म्हणून बरं.

देवाने ‘या’ म्हटलं. अख्खं गाव हसतखिदळत परत निघालं आणि सगळ्यांच्या पुढे, कोंबड्या कुंदाच्या गळ्यात घालून, इंदू धावत होती. धाप लागली, चप्पल तुटली, तरी थांबली नाही.

आन्नेली आतल्या पायरीवर बसली होती. उंबऱ्याच्या आत. लाडवांना हात लावलेला नव्हता. तिने सदऱ्याची बाही मनगटावर ओढून धरली होती. इंदूने ती मागे सारली. पट्टी लालभडक होती.

“कधी?” इंदूने विचारलं.

“पयल्याच सकाळी.”

“मगे कित्या गो अशीच बसलंस? मळ्यात येवचा नाय?”

“तू देवाक सांगलंस, मी गावची नाय म्हणान. मी भायर इलंय असतंय तर तुझो शब्द खोटो पडलो असतो.”

नार्वेकर गाडी घेऊन वेशीवर थांबलेलेच होते. गावात माणसं परतताच तेही आले. इंदू त्यांच्या अंगावर धावून गेली.

“घरात होती ती! उंबरो वलांडूक नाय! तुमी सांगलास, घरातल्या माणसाक दिशा नसता! मगे ह्यां काय? तुमचा यंत्र बिघाडलेला हा!”

नार्वेकरांनी हातातल्या यंत्राचा पडदा तिच्यासमोर धरला. माडबावचा नकाशा होता. इंदूच्या घरावर एक ठिपका आणि त्यातून निघालेली लाल रेघ. ती फिनलंडकडे जात नव्हती, वाडीतही कुठे फिरत नव्हती. सरळ खाडी ओलांडून मळ्यात जाऊन थांबत होती.

“तिन्ही सकाळी हीच दिशा,” नार्वेकर म्हणाले. “इथे काय आहे, वयनी?”

इंदूने ते ठिकाण ओळखलं. ओढ्याच्या वळणापाशी, फणसाच्या उजवीकडे.

“माझी खोप,” ती म्हणाली.

बाहेर वाडीत लोक दारं उघडत होते, चुली पेटवत होते.

“कासवावरून शोध लावला ना त्यांनी,” नार्वेकर शेवटी म्हणाले. “कासवाचं घर म्हणजे किनारा. तो हलत नाही. माणसाचं घर उठून खाडीपलीकडे जाऊ शकतं, हे माझ्याही डोक्यात आलं नाही. ही घरात नव्हतीच, वयनी. तुम्ही गेलात, तेव्हाच ही बेघर झाली.”

“वर कळवा तुमी. सांगा, आमची रीत आसा म्हणान असा झाला.”

“कळवलं. पहिल्याच दिवशी कळवलं. वर माणूस नाही बसलेला. वरही यंत्रच आहे, आणि त्याला गावपळण म्हणजे काय ते माहीत नाही. मी तीनदा लिहिलं, तीनदा तेच उत्तर आलं.”

“मी लपवून ठेवीन हिका.”

“आणि उद्या हिला ताप आला तर? दवाखान्याचं दारसुद्धा ही पट्टी बघून उघडतं. औषध मिळणार नाही, एसटीत चढता येणार नाही. तुमच्या घराचा परवाना जाईल तो वेगळाच.”

“जळो तो परवानो!”

“वयनी,” आन्नेलीने तिचा हात धरला. “नको. मी जातंय.”

सामान ते किती, एक पिशवी. कुंदाने तिच्यात कोकम कोंबलं, आबा गावकर काठी टेकत आले आणि देवाच्या पायाचं फूल देऊन गेले. त्यांना आन्नेलीच्या डोळ्याला डोळा देववेना. इंदूने पातळ बदललं नाही, तुटक्या चपलेनेच गाडीत जाऊन बसली. कोणी उतर म्हणायची हिंमत केली नाही.

गाडी विमानतळाच्या रस्त्याला लागली. तीन रात्री धड झोप न झालेली आन्नेली इंदूच्या खांद्यावर मान टाकून झोपी गेली. इंदू हलली नाही. खांद्याला रग लागली तरी हलली नाही. कुडाळच्या पुढे एका खड्ड्यात गाडी आदळली आणि आन्नेलीला जाग आली.

पुढच्या सीटवर नार्वेकरांच्या पडद्यातून मंजुळ घंटी वाजली. त्यांनी बघितलं, पुन्हा बघितलं आणि ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला लावली.

“काय झाला?”

“हिच्या पट्टीचा रंग गेला,” ते म्हणाले. आन्नेलीच्या मनगटावर पट्टी खरोखरच कोरी झाली होती. लाल नाही, पिवळी नाही. “ओढ शून्य. दिशा नाही. असा निरोप आलाय: ‘आपला पाहुणा सुखरूप घरी पोहोचला आहे. प्रवास पूर्ण. पुन्हा अवश्य भेट द्या.’”

इंदूच्या डोळ्यांत एकदम उजेड पडला. “म्हणजे लाल गेला? म्हणजे आता रवांक मेळता?”

नार्वेकर खाली उतरले. रस्त्याच्या कडेला उभं राहून फोनवर त्या यंत्राशी भांडायला लागले. काचेतून त्यांचे हातवारे दिसत होते. “अहो, ती इथेच आहे! माझ्या गाडीत बसली आहे!” मागून ट्रक भरधाव जात होते. दोघी एकमेकींचा हात घट्ट धरून बसल्या होत्या. इंदू रवळनाथाला साकडं घालत होती, चुकले म्हणत होती, नाक घासते म्हणत होती.

नार्वेकर परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहूनच तिला कळलं.

“नोंदीप्रमाणे ही घरी पोहोचली,” ते म्हणाले. “म्हणजे प्रकरण मिटलं. मिटलेलं प्रकरण उघडायची सोय नाही. प्रवेशबंदी कायम आहे आणि विमानातली जागाही.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “वयनी, मी आणखी कोणाला सांगू, तेच मला कळत नाही.”

गाडी पुन्हा सुरू झाली.

विमानतळाच्या दारापाशी इंदू म्हणाली, “देवळात मी खोटा बोललंय.”

“माका ठावक हा.”

“तरी तुका लागला असतला.”

“लागला,” आन्नेली म्हणाली. “खूप रडलंय मी. तुझ्या घरात कोण नव्हता, म्हणान मोठ्यान रडलंय.” मग तिने इंदूच्या कपाळावर आपलं कपाळ टेकलं. “जेव गो. उभ्यान जेव नको.”

दारातल्या यंत्राने पट्टी कापून घेतली आणि ती आत गेली. काचेपलीकडे तिची उंच मान बराच वेळ दिसत राहिली. इंदूने हाका मारल्या, पण काच जाड होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदा चहाची कपबशी घेऊन इंदूच्या पायरीवर आली. इंदू तशीच बसून होती, कालच्याच पातळात.

“आन्नाबाय घराक पोचली काय गो?” कुंदाने विचारलं.

“पोचली होती,” इंदू म्हणाली. “गाडीत. मगे तिका उतरवल्यानी.”